माथ्यावरून दिसलेलं पाणी

बाळकुम,
३ जुलै १९९४

जने,

अक्षर ओळखलंस ना? कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. नऊ वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, मीही तुला लिहिली नाही, तेव्हा फिट्टंफाट. आता मी आधी पेन उचललं म्हणून शेवंती नमली असं समजू नकोस. माझं काम आहे म्हणून लिहितेय.

काम असं. २१ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आहे, रविवार आहे, आणि गावच्या बायकांची डोंगरधाव आहे. त्यात तू माझ्याबरोबर धावायचं आहेस.

नियम विसरली असशील म्हणून सांगते. आपल्याकडे मोळी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीला हात लावावा लागतो. म्हणून आपल्या आया जोडीनं डोंगरात जायच्या, आणि म्हणून धावही जोडीची. दोघींनी मिळून जायचं, मिळून यायचं, मागून येईल तिची वेळ धरायची. आणि एकदा लागलेली जोडी मोडायची नाही. एक थांबली की दुसरीनंही थांबायचं. तू पंच्याऐंशी साली थांबलीस, तेव्हापासून मी दर पौर्णिमेला तळ्याच्या पायरीवर शिट्टी घेऊन बसते. बाळकुमची सगळ्यात दमदार बाई शिट्टी वाजवते आणि शेजारच्या कोलशेतच्या पोरी नंबर घेऊन जातात. हे तुला बघवेल का?

मला दोन मुलं आहेत, बालवाडीत चाळीस पोरं सांभाळते, तरी पाय तसेच आहेत. जूनपासून आठवड्यातून तीनदा डोंगर करते. वाट तीच. मानपाड्याच्या अंगानं सरळ चढायचं, ओढ्याच्या दगडांवर शेवाळ असतं तिथं बोटं रोवून जायचं, मग ती छातीवर येणारी चढण, जिथं तू नेहमी मला शिव्या द्यायचीस. माथ्यावर दगडूच्या हातून पोचल्याची खूण म्हणून पाठीवर गेरूचा पंजा उठवून घ्यायचा, धारेनं धावत येऊरचे पाडे ओलांडायचे, वर्तकनगरात उतरायचं आणि रस्त्यानं परत तळ्यावर. कॉलनीतल्या बायका गॅलरीतून बघतात, तेव्हा जरा छाती काढून धावायचं. दगडू अजून वर बसतो. चष्मा लागलाय, तरी दहा हातांपलीकडचं दिसत नाही, पण जागा सोडत नाही.

आणि माथ्यावरून अजून सगळं दिसतं, जने. एका बाजूला विहार-तुळशीची तळी, दुसरीकडे खाडीचं वळण, मुंब्र्याचा डोंगर, मागं मलंगगड. तुझी डोंबिवली त्याच्या अलीकडे धुरकट दिसते. मी तिकडे तोंड करून एकदा तुझ्या नावानं हाक मारली. ऐकू आली असेल तर उत्तर लिही.

परशुरामभावजींना नमस्कार. आवडाला पापा. तिला मी अजून पाहिली नाही ही काही चांगली गोष्ट नाही.

शेवंती


बाळकुम,
२० जुलै १९९४

जने,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'माझ्या बाबाचं शेत ज्या दिवशी बुडालं, त्या दिवशीची शर्यत मी पुन्हा धावणार नाही. गुडघा पण दुखतो. कळावे.' तुझं कार्ड पोस्टमननं वाचलं, तळ्यावरच्या चौघींनी वाचलं, मग मला मिळालं. निदान पाकिटातून शिवी द्यायचीस.

गुडघ्याचं आधी बोलू, कारण ते सोपं आहे. तुझा गुडघा दुखत नाही. परवा आपल्या गावच्या बायजाआत्यानं तुला डोंबिवलीच्या बाजारात पाहिलं. दोन्ही हातांत पिशव्या, आणि पुलाचे जिने दोन-दोन पायऱ्या चढत होतीस म्हणे. बायजाआत्या खोटं बोलते, पण इतकं बारकाईनं खोटं तिला जमत नाही.

आता दुसरं. त्या दिवशी शेत बुडालं हे खरं. खाडीचं खारं पाणी आत शिरलं, बांध फुटला, तुमचं उभं भात गेलं आणि जमीन दोन पावसाळे धुऊनही गोडी झाली नाही. तुझं लग्न घाईत डोंबिवलीला लागलं. तुझ्या बाबांनी, राघोकाकांनी, शेत बिल्डरला दिलं आणि नव्वद साली काका गेले. हे सगळं मी जवळून पाहिलंय, मला कार्डावर सांगू नकोस. गावानं काकांना काय नावं ठेवली तेही ऐकलंय. 'म्हातारा बांध सोडून पोरीची शर्यत बघायला बसला, आणि पाणी आत गेलं.' तळ्यावर, देवळात, हळदीला, जिथं तिथं हेच. काका दोष स्वतःवर घ्यायचे. म्हणायचे, 'मनाच बगाला पायजे व्हता.'

पण शर्यतीचा त्यात काय दोष? डोंगरानं काय केलं?

इथं मी दोन ओळी लिहून खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, दोनदा गिरवून खोडल्यात. तू ये एवढंच म्हणते. आलीस तर समोरासमोर बोलू.

शेवंती


बाळकुम,
५ ऑगस्ट १९९४

जने,

तू उत्तर दिलं नाहीस. बरोबर केलंस. खोडलेल्या ओळीला कोण उत्तर देईल.

काल डोंगरावरून उतरताना मनाशी ठरवलं. मला तुझ्याबरोबर धावायचं असेल तर आधी हे लिहायला पाहिजे, आणि हे वाचून तू आली नाहीस तर मी शिट्टी घेऊन बसायच्याच लायकीची. तेव्हा वाच, आणि पत्र आवडाच्या हाती लागू देऊ नकोस.

बांधाच्या फळीची पाळी त्या दिवशी आमच्या घरची होती.

तुला आठवतंय ना कसं असायचं? पावसाचं पाणी शेतात साचलं की ओहोटीला फळी वर काढायची, पाणी खाडीत सोडायचं आणि भरती लागायच्या आत फळी खाली टाकायची. दर घराची आठवड्याची पाळी. पण खरं सांगायचं तर पाळी कुणाचीही असो, राघोकाका तिथं असायचेच. बांधाला लागून पहिलं शेत तुमचं. आपण सगळ्यांनी काकांच्या जिवावर पाळ्या केल्या.

त्या दिवशी सकाळी सहाला मी फळी काढली. रात्री धो धो पाऊस झालेला. मी स्वतः दोरी ओढली, दोन खिळ्यांना अडकवली आणि घरी येऊन लुगड्याचा काचा मारून तुझ्याकडे आले. फळी टाकायची राहिली हे डोक्यातसुद्धा आलं नाही. काका बघतील हे इतकं ठरलेलं होतं की ते मनाशी बोलावंही लागलं नाही. आणि नेमके त्याच दिवशी काका जन्मात पहिल्यांदा बांध सोडून तळ्यावर येऊन बसले. धुतलेला सदरा घालून. पोरगी पहिली येणार म्हणून.

आपण दोन वर्षं कोलशेतच्या जोडीची पाठ बघितली होती. त्या वर्षी माथ्यावर आपण पुढं होतो. दगडूनं पाठीवर पंजे उठवले, वहीत वेळ लिहिली, पावणेअकरा. पाऊस थांबलेला, ढग फाटलेला. मी खाडीकडे वळून बघितलं.

हिरव्या शेतात मला गढूळ पाणी दिसलं, जने. तुमच्या शेतातल्या उंबराच्या बुंध्यापर्यंत आलेलं. खाडीचं पाणी आपल्याला कुणी ओळखून द्यावं लागत नाही. आधी वाटलं पावसाचं असेल. मग सकाळची दोरी आठवली, ती अजून खिळ्यांनाच होती. पौर्णिमेची भरती, अजून वर चढायची होती.

आल्या वाटेनं मागं फिरायला हवं होतं. मी तुला काही बोलले नाही. कोलशेतच्या पोरी मागच्या झाडीतून वर येताना ऐकू येत होत्या. मी म्हटलं, 'चल गं, पाय उचल,' आणि तुला धारेनं पुढं काढलं.

कारखान्याच्या बाराच्या भोंग्याला बांध फुटला. आपण त्या वेळी वर्तकनगरात होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगतेय की माथ्यावरून बांधाला जायला दीड तास लागला असता, चिखल होता, ओढा भरलेला होता, पोचेतोवर फुटलाच असता. आजही तसंच वाटतं. पण तोंड बंद ठेवलं त्याला कसला ओढा आडवा आला होता? गावानं काकांना बोल लावला तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. पाळी कुणाची हे कुणीच विचारलं नाही, कारण फळी म्हणजे राघो असंच सगळ्यांना झालेलं. मीही सांगितलं नाही. काका आजारी पडले तेव्हा पेज घेऊन गेले, दोनदा तोंड उघडलं, दोनदा पेज गार होतेय म्हणाले.

मला त्याची लाज वाटते. दुसरा शब्द नाही. तुझ्याकडे माफी मागतेय, पण ती देणं तुझ्या हातात आहे, माझ्या नाही. काल गावच्या सभेत मी पाळीचं सगळ्यांसमोर सांगितलं. बायजाआत्या म्हणाली, 'आता सांगून काय करतंस बाय?'

जोडी अजून तुझ्याच नावानं नोंदवली आहे. काढायची तर तू काढ.

शेवंती


डोंबिवली,
१३ ऑगस्ट १९९४

शेवंतीस,

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तुझ्यासारखं लिहिता येत नाही. चार दिवस लिहितेय.

पत्र वाचून तुझा खूप राग आला. भांडी आपटली. यांनी विचारलं काय झालं, मी सांगितलं नाही. फळीचं मला माहीत नव्हतं. बाबानं पण कधी तुझं नाव घेतलं नाही. त्याला पाळी आठवत असणार. बाबा पाळ्या विसरत नव्हता.

राग अजून आहे. तो काही पत्रानं जाणार नाही. पण एक गोष्ट मला पण लिहायची आहे, म्हणून लिहिते.

मी पण पाहिलं होतं.

तू वळलीस त्याच्या आधी मी वळले होते. उंबरापाशी पाणी दिसलं. मला वाटलं तू बघशील आणि आपल्याला मागं जावं लागेल, म्हणून मी मध्ये उभी राहिले आणि लुगडं पिळल्यासारखं केलं. मग तू चल म्हणालीस, मला बरं वाटलं. मला जिंकायचं होतं. शेत माझ्या बापाचं होतं, तुझ्या नाही, तरी मी बोलले नाही.

रात्री बाबानं मला विचारलं, 'पोरी, वरशी काय दिसला का गो?' मी म्हटलं, माथ्यावर ढग होता, काही दिसलं नाही. बाबा म्हणाला, 'मग ठीक हाय.' परत कधी विचारलं नाही.

मी माहेरी येत नव्हते ते तुझ्यामुळं नाही. बाबाच्या समोर बसवत नव्हतं. तो ताट वाढायचा आणि मला जेवण जायचं नाही. तू माझ्यावर रागावली आहेस असं गावात वाटायचं, मी वाटू दिलं. बाबा गेला तेव्हा एक दिवस आले आणि तुझ्याशी न बोलता गेले. तुझ्या तोंडाकडं बघितलं असतं तर बोलून टाकलं असतं.

गुडघा दुखत नाही. पण जिने मी एकेकच चढते, बायजाआत्या खोटं बोलते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी येते. हे आणि आवडा पण येतील. आवडाला तिखट चालत नाही.

जनी


बाळकुम,
२३ ऑगस्ट १९९४

जने,

तू परवा माझ्या शेजारी होतीस, त्यामुळे तुला हे पत्र कशाला असं वाटेल. काही गोष्टी बोलून झाल्या तरी लिहायच्या राहतात.

आधी गावाची बातमी. आपण बाद आहोत. मंडळानं काल बैठक घेतली, 'जोडीनं वाट सोडली' असं वहीत लिहिलं आणि कोलशेतच्या पोरींना नंबर दिला. पोरींनी पेढे आणून दिले. मी दोन खाल्ले.

दगडू अजून सावरलेला नाही. गावभर सांगत सुटलाय की राघोची जनी आणि शेवंती सगळ्यांच्या पुढं माथ्यावर आल्या, पाठीवर पंजे उठवून घेतले आणि उलट्या फिरल्या. मी त्याला सांगितलं, तू एवढा ओरडलास की ठाण्याला ऐकू गेलं असेल. तो म्हणतो, 'अगं वाट हिकडं, वाट हिकडं म्हनून घसा बसला माजा, एकीनं तरी वलून बघितलं का?'

खरंच, वळायचं आपण कधी ठरवलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आपण चढताना एक शब्द बोललो नव्हतो. आदल्या दिवशी संध्याकाळी जेवताना तू मला मीठ दे म्हणालीस, तेवढंच. मला वाटलं ही धावेल, पण राग उतरायला दहा वर्षं लागतील. माथ्यावर आलो आणि तू खाडीकडे तोंड करून उभी राहिलीस. खाली शेत नाही. पाच-सहा मजल्यांच्या गुलाबी इमारती, पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि बांधाच्या जागी कंपाउंड. उंबर मला सापडला नाही. तू मला विचारलंस, 'घड्याळ चालतंय ना?' आणि तुझे पाय मानपाड्याच्या वाटेला लागले. मग मीही निघाले.

मी आयुष्यात इतकी वेडी धावले नाही. तू पुढं, मी मागं. ओढा भरला होता, तू दगड न बघता पार केलास. त्या घसरणीवर मी बसूनच खाली गेले, लुगड्याचं काय झालं ते तू पाहिलंस. मानपाड्याला रस्ता ओलांडताना एक ट्रकवाला आपल्या अंगावर ओरडला, आणि तू त्याला आपल्या बोलीत जे सुनावलंस ते मी लिहीत नाही. शेवटच्या सपाटीवर तुला पोटात कळ आली तेव्हा मी तुझा हात धरला. तू सोडवून घेतला नाहीस.

कंपाउंडच्या भिंतीला तू हात लावलास, मी लावला. वॉचमननं विचारलं, 'किससे मिलना है?' तू म्हणालीस, 'किसीसे नहीं, इधर हमारा खेत था.' त्यानं बिचाऱ्यानं आपल्याला प्यायला पाणी दिलं.

मग तू माझं मनगट धरून घड्याळ बघितलंस आणि मला दाखवलंस. आपण दोघी तिथं फुटपाथवर बसलो, आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, तू मला धरून रडलीस. इमारतीतली पोरं बघत होती. बघू देत.

माथ्यावरून बांधापर्यंत अडतीस मिनिटं, जने. चिखल होता, ओढा भरलेला होता, आणि आपण तिशीच्या, पोरंबाळंवाल्या. पंच्याऐंशी साली आपण एकवीस वर्षांच्या होतो. पावणेअकराला निघालो असतो तर बाराचा भोंगा व्हायच्या आत फळी खाली टाकून, पाय धुऊन, काकांना हाक मारायला तळ्यावर गेलो असतो.

आपण पोचलो असतो. हे कुठंतरी शाईनं लिहिलेलं असावं म्हणून हे पत्र. रविवारी आमच्या ह्यांना आणि पोरांना घेऊन तुझ्याकडे जेवायला येतेय. तेव्हा बोलायला दुसरं काहीतरी काढू.

तुझी,
शेवंती